घरच्या घरी टिपा हलगी-ढोलाचा आवाज

यात्रेत हलगी ऐकावी तर अंगावर काटा येतो, आणि तीच हलगी मोबाईलवर टेप करून घरी ऐकावी तर पत्र्याच्या डब्यावर खडे टाकल्यासारखी वाटते. हा अनुभव आपल्या भागात घरोघरी आहे. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो, म्हसवडचा सिद्धनाथाचा रथ असो, नाहीतर गावच्या जोतिबाच्या कुस्त्या असोत, शंभर मोबाईल वर होतात आणि शंभरांतही आवाज फाटलेलाच निघतो. मग पोरे म्हणतात, "मोबाईल हलका आहे, भारी घ्यायला पाहिजे." तात्या म्हणतात, "आधी कांद्याचे पैसे येऊ दे." आणि गोष्ट तिथेच राहते.

वास्तविक दोष बहुतेक वेळा मोबाईलच्या किमतीत नसतो. तो कुठे ठेवला, किती लांब ठेवला आणि कोणत्या जागेत वाजवले, यात तो असतो. या तिन्ही गोष्टी फुकट सुधारता येतात. वडूज, मायणी, कातरखटाव, दहिवडी या पट्ट्यातल्या ज्या घरात हलगी, घुमकं, ढोलकी, संबळ किंवा गजीचा ढोल आहे, त्या घरातल्या मंडळींना उपयोगी पडेल असे चार शब्द आज लिहितो.

याची गरज काय, असे कोणी विचारील. पहिली गरज पोटाची आहे. पूर्वी सुपारी द्यायला माणूस वाजवणाऱ्याच्या दारात यायचा. आता पुण्या-मुंबईचा यजमान आधी म्हणतो, "तुमचं वाजवलेलं काहीतरी पाठवा." तिथे फाटका आवाज गेला की सुपारी दुसऱ्याला जाते किंवा थेट डीजेला जाते. दुसरी गरज शिकणाऱ्या पोराची. आपला हात कुठे मागे पडतो, कुठे घाई होते, हे वाजवताना कळत नाही. दुसऱ्या दिवशी ऐकले की लगेच कळते. तिसरी गरज सर्वांत मोठी, आणि तिच्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी. गावोगावी सत्तरी ओलांडलेले एक-दोन हात अजून आहेत. कुस्ती सुरू होताना, रंगात येताना आणि निकाली होताना हलगी कशी बदलते, हे त्यांच्या बोटांत आहे. ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. तो म्हातारा गेला की त्याच्याबरोबर ते जाते. लग्नाचे फोटो काढायला आपण हजारो रुपये घालतो, आणि आज्याच्या हातचा पाच मिनिटांचा तुकडा मात्र घरात नसतो.

चामड्याच्या वाद्याचा आवाज टिपणे हे जगात सगळीकडेच अवघड गेलेले आहे. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायझबर्ग १९०२ साली कोलकात्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा विजेचा माईक नव्हताच. मोठ्या कर्ण्यापुढे तोंड करून गायचे, आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. अशा यंत्रापुढे मोठा ढोल बडवला की सुई उडायची. अमेरिकेत १९२३ साली किंग ऑलिव्हर यांच्या बँडचे रेकॉर्डिंग झाले. त्यांचे ढोलवादक बेबी डॉड्स हे नावाजलेले वादक, पण त्यांना बहुतेक लाकडी ठोकळेच वाजवावे लागले; मोठा ढोल यंत्राला सोसत नव्हता. १९२५ नंतर विजेचे माईक आले आणि ढोल रेकॉर्डमध्ये शिरला. आपल्या हातातल्या मोबाईलची गत मात्र अजून थोडीशी त्या जुन्या सुईसारखीच आहे. त्याचा माईक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला आहे, टिपऱ्याच्या तडाख्यासाठी नव्हे.

मोबाईल नेमके काय करतो ते समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल. पहिला ठोका कानठळी बसवणारा आला की तो घाबरून आपला आवाज आपणच खाली ओढतो. मग पुढचे ठोके बसल्यासारखे येतात. वादक क्षणभर थांबला की मोबाईल पुन्हा आवाज वर ओढतो, आणि लांबचे कुत्रे, कोंबडा, पाण्याची मोटर हे सगळे फुगून पुढे येते. शिवाय बोलणे स्वच्छ ऐकू यावे म्हणून मागचा गोंगाट पुसून टाकण्याची सोय त्यात असते. बिचाऱ्याला ढोलाची घुमक म्हणजे गोंगाटच वाटतो! तो घुमक पुसतो आणि नुसता टकटकाट ठेवतो. यावर उपाय असा, की कॅमेऱ्यातून शूटिंग करून आवाज घेण्याऐवजी आवाजाचे वेगळे रेकॉर्डर ॲप वापरावे. असली ॲप फुकट मिळतात. त्याच्या सेटिंगमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची आणि गोंगाट पुसण्याची सोय असेल तर दोन्ही बंद करावी. काही ॲपमध्ये 'रॉ' किंवा 'अनप्रोसेस्ड' असा पर्याय असतो. तो मिळाला तर फारच चांगले. फाईलचा प्रकार 'वेव्ह' निवडावा. त्याला जागा जास्त लागते, साध्या एका माईकच्या रेकॉर्डिंगला मिनिटाला सुमारे ५ एमबी आणि दोन बाजूंच्या स्टिरिओला सुमारे १०. पण त्यात काही कापले जात नाही. एमपी-थ्री मागाहून केव्हाही करता येते. एमपी-थ्रीमध्ये जे एकदा गेले ते मात्र परत येत नाही.

आता अंतर. हौशी माणूस मोबाईल हलगीच्या तोंडाशी नेतो. त्याला वाटते, जवळ तितके चांगले. बोलण्याला ते ठीक आहे. हलगीला सात-आठ फूट लांबून सुरुवात करावी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाजाची तीव्रता चौथाई होते, हे गणित लक्षात ठेवावे. चार फुटांवरून आठ फुटांवर गेलात की मोबाईलवरचा भार एकदम उतरतो. ॲपवर आवाजाची पट्टी हलताना दिसते. सर्वांत जोराच्या ठोक्यालाही ती लाल होता कामा नये. आकडे दिसत असतील तर उणे सहाच्या खालीच राहावी. एक गंमत मात्र ध्यानात घ्या. कधी कधी पट्टी मधोमध असते आणि तरीही आवाज फाटलेला येतो. तिथे माईकच दमलेला असतो. अशा वेळी सेटिंगमध्ये आवाज कमी करून उपयोग नाही, मोबाईल उचलून आणखी चार पावले मागे न्यायचा. एकदा फाटलेला आवाज कोणत्याही यंत्राने शिवता येत नाही.

मोबाईल हातात धरू नये. हात हलतो, बोट माईकच्या भोकावर जाते, आणि कव्हरही ते भोक झाकते. ते बारीक भोक बहुतेक मोबाईलला खालच्या बाजूला, चार्जिंगच्या पिनेजवळ असते. तेच वाद्याकडे करावे. स्टुलावर किंवा पालथ्या घमेल्यावर घोंगडीची जाड घडी ठेवावी आणि तीवर मोबाईल. घडी का, तर ढोलाची धडक जमिनीतून आणि बाजेतून येते आणि मोबाईलला हादरे देते. ढोलवाला ज्या बाजेवर बसला आहे त्याच बाजेवर मोबाईल ठेवून आवाज भरल्याचे प्रकार पुष्कळ दिसतात; त्यात नुसती गडगड ऐकू येते. उंची वादकाच्या छातीइतकी असावी. विमानाचे चिन्ह दाबून फोन बंद ठेवावा, नाहीतर रंगात आलेल्या वेळी बँकेचा नाहीतर सासुरवाडीचा फोन यायचाच.

हलगीच्या अगदी समोर ठेवले की टिपऱ्याची टकटक पुढे येते. थोडे तिरके, वादकाच्या एका खांद्याकडे ठेवले की कातड्याचा नाद भरतो. ढोलकी, पखवाज, गजीचा ढोल यांना दोन तोंडे. त्यांच्यासमोर बरोबर मध्ये उभे राहून आधी स्वतःच्या कानांनी ऐकावे. थाप जास्त आणि घुमा कमी वाटला तर घुम्याच्या बाजूला दोन पावले सरकावे. जिथे तुमच्या कानाला दोन्ही तोंडे सारखी लागतात, तीच मोबाईलची जागा. यापेक्षा मोठे शास्त्र यात नाही.

जागेविषयी मात्र जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण निम्मे काम जागा करते.

नवा स्लॅबचा बंगला दिसायला झकास, पण आवाजाला वाईट. खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्रर' असा बारीक गुंजारव आला तर ती खोली हलगीला नको. गिलाव्याच्या भिंती, फरशी आणि काचेच्या खिडक्या प्रत्येक ठोका चारी बाजूंनी परत फेकतात, आणि एका ठोक्याचे चार होतात. पत्र्याचे शेड त्याहून वाईट. पत्रा स्वतःच वाजू लागतो. माणदेशात आणि खटावात अजून जी थोडी जुनी माळवदाची घरे उभी आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. मातीच्या जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि मातीचे छत, खाली शेणाने सारवलेली जमीन, यांत टाळी वाजवली की ती तिथेच बसते. शहरात स्टुडिओ करणारी माणसे भिंतींना स्पंज आणि फळ्या लावण्यासाठी लाखो रुपये घालतात. तुमच्या आजोबांनी तो स्टुडिओ बांधूनच ठेवला आहे, आणि आपण त्यात कांदे साठवतो!

माळवद नसेल तर आपल्याकडे घोंगडी आहे. धनगरी विणीची जाड लोकरीची घोंगडी आवाज शोषण्याच्या कामी पहिल्या नंबरची. दोरीवर दोन घोंगड्या वादकाच्या मागे टांगाव्या, भिंतीला चिकटून नव्हे तर वीतभर सोडून. भिंत आणि घोंगडी यांच्यामध्ये हवा राहिली की काम दुप्पट होते. खाली वाकळ अंथरावी. धान्याची पोती, कापसाच्या गाद्या, कडब्याच्या पेंढ्या, जे घरात असेल ते कोपऱ्यांत रचावे. कोपऱ्याला का, तर खोल आवाज कोपऱ्यात जाऊन साठतो आणि खोली घुमवतो. ढोलाचा खोल नाद सेकंदाला ८० कंपनांचा असेल तर त्याची एकच लाट जवळजवळ १४ फूट लांब असते. दहा बाय बाराच्या खोलीत ती मावतच नाही. म्हणून वादकाला कोपऱ्यात बसवू नये आणि खोलीच्या बरोबर मध्यभागीही नको. लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यावर कुठेतरी बसवावे आणि चार ठिकाणी फिरवून ऐकावे.

गोठ्याला लागून कडब्याची वळई रचलेली असेल तर तिच्या आडोशाला, उघड्यावर वाजवलेलेही फार सुंदर उतरते. तिथे भिंतच नसते, त्यामुळे गुंजही नसते. फक्त एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. हलगी शेकायची जाळ-पाचटाची आगटी कडब्यापासून पुष्कळ लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला करावी आणि बादलीभर पाणी शेजारी ठेवावे. एका रेकॉर्डिंगसाठी वर्षाची वैरण घालवणे कोणालाच परवडणार नाही.

मोठा गजी ढोल मात्र घरात घेऊच नये. पंधरा-वीस गडी, रंगीत रुमाल, ढोल, झांज, सनई हा सगळा थाट माळावरचा. खटाव, माण, आटपाडी, जत या पट्ट्यातले हे वैभव चार भिंतींत कोंडले तर नुसता गोंगाट होतो. तिथे मोबाईल पंधरा-वीस फूट लांब, माणसाच्या डोक्याइतका उंच बांधावा. खरा शत्रू वारा. माळावरचा वारा माईकच्या भोकात शिरला की 'भुर्र भुर्र' असा आवाज ढोलावर चढतो. जुन्या लोकरी कानटोपीचा तुकडा मोबाईलच्या खालच्या टोकावर सैलसर गुंडाळावा. आवाज आत येतो, वारा बाहेर थांबतो. सकाळी दिवस उगवल्यानंतरचा तासभर वारा बहुधा पडलेला असतो, ती वेळ उत्तम.

वेळेवरून आठवले. वीज गेलेली असते तेव्हा आपण महावितरणच्या नावाने बोटे मोडतो, पण रेकॉर्डिंगला ती सोन्याची वेळ. पंखा बंद, गिरणी बंद, विहिरीवरची मोटर बंद, शेजारचा टीव्ही बंद. मोबाईल तर बॅटरीवरच चालतो. आदल्या रात्री चार्ज करून ठेवावा आणि भारनियमनाचे वेळापत्रक पाहून बैठक ठरवावी. दुभत्या जनावरांच्या धारेची वेळ मात्र टाळावी. हलगीच्या तडाख्याने म्हैस पान्हा चोरते आणि मग घरातल्या कारभारणीचा रेकॉर्डिंगला कायमचा विरोध होतो. तान्हे मूल त्या खोलीत ठेवू नये. बंद खोलीत तासन्‌तास हलगी ऐकणे मोठ्यांच्या कानांनाही घातक आहे, कानात आठवडाभर 'कुई' राहते. दहा मिनिटे वाजवावे, दहा मिनिटे विसावा घ्यावा.

वाद्याची निगा वादकाला सांगायला आपण कोण? तरी रेकॉर्डिंगच्या दृष्टीने दोन शब्द. कातड्याची हलगी शेकल्यावर काही वेळ चढलेली असते आणि मग उतरत जाते. पावसाळी दमट हवेत तर भरभर उतरते. म्हणून मोबाईल, जागा, अंतर यांची सगळी जुळवाजुळव आधी न शेकलेल्या हलगीवर करून घ्यावी आणि मगच हलगी जाळावर धरावी. खरा तुकडा चढल्या कातड्यावर पहिल्या काही मिनिटांत उरकावा. हल्ली प्लॅस्टिकच्या पानाच्या हलग्या निघाल्या आहेत. त्या शेकाव्या लागत नाहीत, पावसाला दाद देत नाहीत, पण मोबाईलला त्यांचा आवाज फार टोचतो. तिथे मोबाईल आणखी लांब आणि जास्त तिरका ठेवावा. माझे मत विचाराल तर टिपून ठेवायचे वाजवणे कातड्यावरचेच असावे.

ढोलकी-तबल्याच्या शाईची गोष्ट सांगण्यासारखी आहे. नुसत्या ताणलेल्या कातड्याला धड सूर नसतो, त्यातून निघणारे वरचे नाद एकमेकांशी जुळत नाहीत. मधोमध शाईचा थर चढवला की ते नाद सुरात बसतात. आपल्या कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यामागचे विज्ञान सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली आणि पुन्हा १९३४ साली मृदंग-तबल्याचा अभ्यास करून जगापुढे मांडले. नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाला जे मोलाचे वाटले, ते आपल्या घरात खुंटीला टांगलेले आहे. ढोलकी टेप करण्यापूर्वी शाई उडालेली असेल तर ती भरून घ्यावी, गठ्ठे ठोकून सूर लावावा. मोबाईल सूर लावून देत नाही.

हलगी आणि घुमकं दोन्ही एकत्र वाजत असतील आणि घरात दोन मोबाईल असतील तर एक पायरी पुढे जाता येते. दोन्ही चालू करून वादकांच्या मध्ये उभे राहून एक खणखणीत टाळी वाजवावी. सिनेमावाले पाटी आपटतात ती यासाठीच. मागाहून संगणकावर दोन्ही फायलींतल्या टाळ्या एकावर एक बसवल्या की आवाज जुळतात. फार लांबलचक वाजवलेले असेल तर शेवटी शेवटी दोन मोबाईलची घड्याळे किंचित मागेपुढे होतात, म्हणून पाच-सात मिनिटांचेच तुकडे करावेत. इंग्लंडमध्ये ग्लिन जॉन्स नावाचे नामांकित रेकॉर्डिस्ट होऊन गेले असे नव्हे, आहेत. १९६० नंतरच्या काळात त्यांनी सगळ्या ढोलताफ्याला अवघे तीन-चार माईक लावून जगप्रसिद्ध रेकॉर्ड केल्या. त्यांची युक्ती साधी होती: मुख्य ढोलापासून दोन्ही माईक अगदी सारख्या अंतरावर हवेत. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. एक माईक जवळ, एक लांब असला की एकच ठोका दोन वेळा पोचतो आणि दोन्ही मिळवले की खोल आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. ढोल पोकळ वाटतो. तेव्हा सुतळी घ्यावी, एक टोक वाद्याच्या मध्यावर धरावे आणि दोन्ही मोबाईल सुतळीने सारखे मोजून ठेवावेत. सुतळीला पैसे पडत नाहीत.

पैसे खर्चायचेच असतील तर कुठे? कॉलरला लावायचे काही शे रुपयांचे बारके माईक ढोलासाठी मुळीच घेऊ नयेत. ते भाषणाचे, हलगीपुढे लगेच फाटतात. त्यापेक्षा गावातला मंडप-स्पीकरवाला गाठावा. त्याच्याकडचा हातात धरायचा साधा दणकट माईक असतो. त्याच्या आत चुंबक आणि तारेचे वेटोळे असते, आणि तो ढोलाचा मार निमूटपणे खातो. मोठमोठ्या स्टुडिओंतही ढोलापुढे याच जातीचे माईक असतात. तो थेट मोबाईलला जोडता येत नाही, मध्ये यूएसबीची एक छोटी पेटी लागते. भजनी मंडळाच्या मिक्सरला यूएसबीचे भोक असेल तर त्यावरही काम भागते. एक दिवसासाठी उसने मागावे, हार-नारळ द्यावा. दोन-चार वेळा करून पाहिल्यावर खरेच गोडी लागली, सुपाऱ्या वाढल्या, तर मग ती पेटी विकत घ्यावी. कर्ज काढून माईक घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

संगणकावरचे काम थोडेच. 'ऑडॅसिटी' नावाचा कार्यक्रम २००० सालापासून फुकट मिळतो. तालुक्याच्या गावी संगणक वर्गात जाणारा पोरगा किंवा पोरगी एका दुपारी शिकते. पुढचा-मागचा कचरा कापावा, आवाज बेताने वर आणावा, इतकेच. घुमारा, प्रतिध्वनी वगैरे मसाला घालू नये. यजमानाला तुमची हलगी ऐकायची आहे, गुहेतली नाही. आणि चांगले-वाईट ठरवताना मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नये, त्यात खोल आवाज उतरतच नाही. इयरफोनवर ऐकावे, नाहीतर ट्रॅक्टरवरच्या टेपला लावावे. व्हॉट्सॲपवर पाठवताना आवाजाचा निरोप म्हणून पाठवला की तो आवळला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून फाईल पाठवावी, ती जशीच्या तशी पोचते.

आता जरा अवघड विषय. हलगी हे वाद्य गावात कोणी आणि कोणत्या परिस्थितीत वाजवले, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पुष्कळ घरांना ते गावकीचे काम म्हणून, जातीवरून लादलेले, मूठभर धान्यावर करावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनंतर अनेकांनी ते स्वाभिमानाने सोडले आणि खुंटीवरची हलगी कायमची उतरवली. तो निर्णय मानाचाच होता. तेव्हा कोणा वृद्धाच्या दारात मोबाईल घेऊन जाताना 'वाजव जरा' म्हणून जाऊ नये. "आबा, तुमचा हात आम्हाला ठेवायचा आहे, तुमची इच्छा असेल तर," असे बसून विचारावे. नको म्हणाले तर चहा घेऊन परत यावे. हो म्हणाले तर दिवसाचा मोबदला द्यावा, वाजवण्याआधी त्यांचे नाव त्यांच्याच तोंडून भरून घ्यावे आणि फाईल त्यांच्या घरात पहिली द्यावी. कायदाही वादकाच्या बाजूने आहे. कॉपीराइटच्या कायद्यात कलावंताचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षे धरलेला आहे. न विचारता कोणाचे वाजवणे इंटरनेटवर चढवून त्यावर पैसे मिळवणे हा अन्यायही आहे आणि गुन्हाही ठरू शकतो.

अशा साध्या, खेड्यातल्या रेकॉर्डिंगला पुढे काय किंमत येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली, आणि त्यांतल्या पुष्कळ ओव्या म्हणणाऱ्या बायांच्या घरात बसूनच ध्वनिमुद्रित केलेल्या आहेत. जाती बंद पडली, त्यांतल्या कित्येक आज्या गेल्या, पण आवाज राहिला. आपल्या शेजारी म्हसवडला २००८ साली माणदेशी तरंग हे लोकांचे रेडिओ केंद्र सुरू झाले. गावची माणसे, गावची गाणी हाच असल्या केंद्रांचा माल असतो. चांगला तुकडा जमला तर वादकाची परवानगी घेऊन अशा ठिकाणी जाऊन ऐकवायला काय हरकत आहे?

शेवटी ठेवण्याविषयी. मोबाईल विहिरीत पडतो, चोरीला जातो, पोरे खेळासाठी जागा करताना फायली पुसतात. रेकॉर्डिंग झाले त्याच दिवशी फाईल पेनड्राइव्हवर उतरवावी, आणि दुसरी प्रत पाहुण्यांच्या घरी, दुसऱ्या गावात ठेवावी. फाईलला 'न्यू रेकॉर्डिंग १७' असले नाव राहू देऊ नये. वादकाचे नाव, गाव, तारीख, वाद्य आणि काय वाजवले ते नावातच लिहावे: कुस्तीची, वरातीची की पालखीची. वर्षातून एकदा, दिवाळीला घर झाडताना, पेनड्राइव्ह लावून सगळे उघडते का ते पाहावे आणि नव्या पेनड्राइव्हवर नवी प्रत काढावी. जुना पेनड्राइव्ह खतांच्या पावत्यांच्या डब्यात नको. शेताचे उतारे जिथे ठेवता, त्याच पेटीत ठेवा.